बघणारं माणूस बदलायचं नाही

संस्थेत तिला सगळे घारताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याचं चुकलं नव्हतं. उंदराच्या कानाच्या टोकावर शहारा आला तरी तिला तो हातभरावरून दिसायचा. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो म्हणायचा, "कुठे? काहीच नाही झालं." तोवर घारताईने आकडा लिहूनही टाकलेला असे.

तिचं काम बघण्याचं. प्राणीघराच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. दाराला खालून रबराची पट्टी, वर सतत घुंऽऽ करणारा हवेचा पंखा, मधोमध टेबल आणि टेबलावर काचेची पेटी. पेटीपुढे एक गोल स्टूल होतं. त्याला पाठ नसल्यामुळे मागे भिंतीला टेकता येईल इतक्या अंतरावर तिने ते सरकवून ठेवलं होतं. बाहेर ऊन पडलंय का आभाळ आलंय, हे तिला मामा आत आले की त्यांच्या कपाळावरून कळायचं. मामा म्हणजे पिंजरे सांभाळणारे. भुसा बदलणं, बाटल्या भरणं, उंदीर आणणं-नेणं ही त्यांची कामं, आणि बोलणं ही आवड.

एक पांढरा उंदीर यायचा. त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून घारताई त्याला उचलायची, झटके आणणारं द्रव्य टोचायची, पेटीत सोडायची आणि घड्याळ सुरू करायची. मग बघत राहायचं. काहीच झालं नाही तर शून्य. कान आणि तोंड थरथरलं तर एक. अंगाला हिसका बसला तर दोन. पुढचे पाय हवेत पोहल्यासारखे हलू लागले तर तीन. त्यापुढचे आकडे लिहिताना तिला अजूनही आवंढा गिळावा लागायचा. नवीन आलेल्यांना वाटायचं, हिचं मन दगडाचं झालंय. मामा म्हणायचे, "दगडाचं असतं तर आवंढा कशाला अडकला असता?"

हे झटके कशासाठी आणायचे, तर ते कशाने थांबतात हे कळावं म्हणून. मेंदूच्या पेशींवर जणू बारीक खुंट्या असतात. मेंदू फार तापला की तो स्वतःच अॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य सोडतो, ते त्या खुंट्यांवर जाऊन बसतं आणि पेशी शांत होते. घरातल्याच कुणी वडीलधाऱ्याने 'पुरे आता' म्हणावं तसं. चहा-कॉफीतलं द्रव्य आणि त्याचे भाऊबंद आधीच जाऊन त्या खुंट्या अडवून बसतात. मग वडीलधाऱ्याला बसायला जागा नाही आणि दंगा वाढतो. मोठ्या सरांच्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग या अडवणाऱ्यांवर होता. ती औषधं दिलेल्या उंदरांना लवकर आणि जोरात झटके येत. सरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मामा विचारात पडून म्हणाले होते, "म्हणजे सुनेचा चहा बंद करायला हवा. पेला संपायच्या आत भडका उडतो तिचा."

दुसरा अर्धा भाग उलटा होता. आता खुंटीवर अॅडेनोसिनसारखंच बसणारं, पण अधिक घट्ट बसणारं औषध द्यायचं आणि झटके अडतात का ते बघायचं.

कुठल्या उंदराला औषध मिळालंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे घारताईला कळता कामा नये, हा नियम होता. पलीकडच्या खोलीत ते टोचायचं काम संशोधन करणारी एक मुलगी करी. लग्न ठरलेलं, प्रबंध अडलेला, म्हणून सगळे तिला प्रबंधबाई म्हणत. ती टोचून झाल्यावर पिंजरा दाराशी ठेवी आणि चकार शब्द न काढता परत जाई. दुसरा नियम असा, की प्रयोग सुरू झाला की बघणारं माणूस बदलायचं नाही. एकाचा दोन तो दुसऱ्याचा तीन असतो. मध्येच डोळे बदलले की आकड्यांची तुलना संपली. कॅमेरा लावूनही पाहिला होता. कॅमेऱ्याला उंदराचा कान दिसे, कानावरचा शहारा दिसत नसे.

या दुसऱ्या नियमाने घारताई त्या स्टुलाला बांधली गेली होती.

तिचा नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात राहत. नवऱ्याची नोकरी तिथली, लेकीची शाळा तिथली. घारताई संस्थेच्या आवारातल्या एका खोलीत राही आणि सुट्टीत तिकडे जाई. लेक आठवीत गेली होती. सुट्टीत गेलं की पहिले दोन दिवस ती आईशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायची, आणि तिसऱ्या दिवशी भांडायला लागली की घारताईला बरं वाटायचं. तेवढ्यात निघायची वेळ व्हायची. संस्थेची एक शाखा त्या शहरात होती. तिथली रक्त तपासणीची जागा रिकामी झाली, घारताईने अर्ज केला आणि बदली मंजूरही झाली. फक्त सरांनी म्हटलं, "ही मालिका पुरी करा आणि जा. थोडीच राहिलीय. महिन्याअखेरीस तुम्हाला मोकळं करतो."

ती बातमी कळवली त्या दिवशी लेकीने आपल्या खोलीतली पुस्तकांची एक अख्खी फळी आईच्या कपड्यांसाठी रिकामी केली. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "मी दोन खिळे मागितले भिंतीत, ते देत नव्हती मला. तुला फळी दिलीन."

घारताईने खोलीतलं सामान बांधायला घेतलं. पातेली कागदात गुंडाळून झाली. आणि त्याच दिवसांत तिच्या हाताला एक गोष्ट कळू लागली.

काही उंदीर गार लागत.

दिसायला सगळे सारखेच. फिरत होते, मिशा साफ करत होते. मात्रा मुद्दाम इतकी कमी ठेवली होती की उंदीर पेंगल्यासारखे दिसू नयेत. पण मान चिमटीत धरली की पातळ हातमोज्यातून बोटांना कळायचं. हा गरम, हा गरम, हा मात्र नळाखाली धुतलेल्या वाटीसारखा. पहिल्या अर्ध्या भागात असं कधी झालं नव्हतं. सुरुवातीला तिने मनावर घेतलं नाही. प्राणी म्हटला की थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच.

मग एकदा मामा दाराशी पिंजरा घेऊन उभे होते. उंदीर पेटीत सोडून घारताई बसली. मामा म्हणाले, "ताई, एक विचारू? काही उंदीर आत गेले की तुम्ही पुढे वाकता, आणि काही गेले की भिंतीला पाठ टेकता. ते काय ओळखीचे आहेत का?"

"काहीतरीच काय मामा."

"नाही, म्हटलं जावयाला बघून सासू टेकते तशा टेकता. आता हा आपला, याची काळजी नाही."

घारताई हसली. हसता हसताच तिला आपली पाठ भिंतीला लागलेली जाणवली. पेटीतला उंदीर गार होता.

त्या दिवशी पुढचा गार उंदीर आला तेव्हा ती मुद्दाम पुढे वाकून, काचेला जवळजवळ नाक लावून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग कान थरथरला. एक. एरवी तिने तिथेच थांबून श्वास सोडला असता. पण ती बघत राहिली आणि तिला दिसलं, की पुढचा उजवा पाय जमिनीपासून जेमतेम सुटला आणि दोन वेळा हवेत हलला. डावाही. झालं तेवढंच. पण ते तीन होतं. त्यात शंका नव्हती.

तिने तीन लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. गार म्हणजे औषध मिळालेला, त्याला फारसं काही होणार नाही, असं ती नकळत धरून चालली होती. याआधीच्या किती गारांचे पाय असे हलले असतील आणि तिने एक लिहून पाठ टेकली असेल? ते उंदीर आता नव्हते. आठवून बघावं तर सगळे पांढरेच आठवत होते.

आता गप्प बसलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. तिचे आकडे कुणी तपासत नव्हतं, कारण तिच्यासारखं बघणारंच कुणी नव्हतं. तिने स्वतःशी ठरवलं, झालं ते झालं, आता उरलेले नीट बघायचे आणि जायचं. दुसऱ्या दिवशी ती तशीच बसली. पण गार उंदीर आला की ती आता इतकी वाकायची, की नुसतं नाक खाजवलं तरी तिला तो पाय हलल्यासारखा दिसायचा. एका उंदराला तिने तीन लिहिलं, खोडून दोन केलं, मग बसून राहिली. त्याने नक्की काय केलं हे तिला सांगता येत नव्हतं. आधी गारांना ती झुकतं माप देत होती, आता त्यांच्यावर खार खात होती. मधलं, सरळ बघणं हरवलं होतं. रुमाल कुठे ठेवला ते आठवू नये तसं ते सापडत नव्हतं.

दुपारी तिने प्रबंधबाईला गाठलं. ती बाहेरच्या पायरीवर बसून डबा खात होती.

"एक सांगू का ग? औषध दिलेले मला ओळखू येतात."

प्रबंधबाईचा घास हातातच राहिला. "मी तर काही बोलले नाही ताई."

"तू नाही. ते गार लागतात."

"हो ना," मुलगी म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली, की स्वतःच दचकली. मग हळू आवाजात, "मला वाटलं मलाच लागतात. टोचून झाल्यावर थोड्या वेळाने पिंजरा उचलते, तेव्हा कधी कधी हात लागतो. मी तुम्हाला सांगायचं नाही असा नियम आहे ताई. उंदरांनी सांगायचं नाही असा नियम नाहीय."



"तुम्ही सरांना सांगणार?"

"तुला काय वाटतं?"

मुलीने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "मला विचारू नका ना. माझी लग्नाची तारीख दोनदा पुढे गेलीय. सासरकडचे विचारतात, मुलगी शिकतेय का उंदीर पाळतेय." मग तिने घारताईकडे न बघताच म्हटलं, "तुमचं सामान बांधून झालंय ना? जा ना ताई. एवढे थोडेच राहिलेत. मी काही ऐकलं नाही."

ती जे देत होती ते काही लहानसहान नव्हतं. त्यात तिचाही फायदा होता हे खरं, पण ते मनापासून दिलेलं होतं हेही खरं. घारताई उठली आणि परत त्या बिनखिडकीच्या खोलीत गेली. दार लागताना रबराची पट्टी फरशीवर घासून चिकटल्यासारखी बसली. तिने पुढचा उंदीर उचलला. गार. पेटीत सोडला, घड्याळ लावलं. उंदीर एका कोपऱ्यात जाऊन बसला, आणि त्याच्या अंगावरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. तो हिसका होता का नुसता श्वास? तिला ठरवता येईना. आपण या खोलीतून सुटलो, त्या शहरात गेलो, लेकीच्या फळीवर कपडे लावले, तरी हा उंदीर असाच कोपऱ्यात बसून राहील आणि आपण असेच त्याच्याकडे बघत राहू, असं तिच्या मनात आलं. आकड्याच्या जागी तिने आडवी रेघ ओढली आणि सरांच्या खोलीकडे गेली.

मोठे सर रागावणारे नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा निजून उठल्यासारखा दिसायचा.

"गार पडतात हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "या औषधाने शरीराचं तापमान उतरतं. मोजायचंही ठरलं होतं. तापमापक दुरुस्तीला गेला तो आला नाही, आणि मी म्हटलं, एवढ्या कमी मात्रेला कितीसा फरक पडणार. तुमच्या हाताचा विचारच केला नाही मी. चूक माझी आहे."

 

"त्यात आणखी एक गोम आहे," सर पुढे म्हणाले. ते आता तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होते. "अंग थंड झालं की झटके तसेही कमी होतात. मग आपण जे बघतोय ते औषधाचं काम का थंडीचं? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच. सगळ्यांना खालून ऊब द्यायची. गरम गादीवर ठेवायचे, अंग नेहमीइतकं गरम राहील असं बघायचं. म्हणजे थंडी गेली, आणि तुमच्या हाताला कळायचंही गेलं. हा अर्धा भाग पुन्हा करू."

"आणि मी?"

सरांनी चष्मा घातला. "पहिला अर्धा भाग तुमच्या डोळ्यांनी झालाय. तो चांगला आहे, त्याला धक्का नाही. दुसरा अर्धा भाग दुसऱ्याने बघितला तर तुलना होणार नाही."

"दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून सगळंच करू दे की सर."

"प्रयोगांना प्राणी मंजूर करणारी समिती तेवढे देणार नाही. आणि दिले तरी..." ते थांबले. ते पुढे बोलले नाहीत, पण तिला ऐकू आलं. पहिल्या भागातले इतके उंदीर मग कशासाठी गेले?

"पण सर, माझाच डोळा बिघडलाय. मी सांगितलं ना."

"डोळ्याला काही झालेलं नाही ताई. हाताला झालंय. हाताचं बंद केलं की डोळा बरा होईल. थोडे दिवस सुट्टी घ्या, गाद्या यायला वेळ लागेलच."

"बदली महिन्याअखेरची आहे."

"हो," सर म्हणाले. "त्या शाखेला माणूस लगेच हवंय. मी त्यांना फोन करून बघतो."

त्यांनी खरंच फोन केला, आणि तोही तिच्यासमोर. ते बराच वेळ बोलले, एकदा आवाजही चढवला. ठेवल्यावर म्हणाले, "नाही थांबत." घारताई खोलीबाहेर आली. व्हरांड्याच्या जाळीतून आवारातली झाडं चौकोनाचौकोनांत दिसत होती. ती काही वेळ जाळीत बोटं अडकवून उभी राहिली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"ए आई, मी बाबांना सांगितलंय, तू आलीस की त्यांनी आंघोळीला शेवटचं जायचं. ते फार वेळ लावतात."

घारताईने सांगितलं. उंदीर, गार, हात, सगळं. लेक हुशार होती. मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकत होती, आणि तेच वाईट लक्षण होतं.

"म्हणजे तुला कुणी पकडलं नव्हतं?"

"नाही."

"तूच जाऊन सांगितलंस."

"हो ग."

"आणि खरं सांगितलं म्हणून तुला शिक्षा."

"शिक्षा कसली? काम आहे ते. अर्धवट राहिलंय."

"किती दिवसांचं?"

"गाद्या आल्या की मग कळेल."

"मग मला कशाला सांगतेस, काचेचा पेला फुटला तर येऊन सांगत जा म्हणून?" लेक म्हणाली, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग नवरा बोलू लागला. तो थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मागे काहीतरी आपटत होतं.

"काय चाललंय तिथे?"

"पुस्तकं परत लावतेय फळीवर." त्याने फोन जरासा लांब धरला असावा, कारण आवाज मोठा झाला. धप्. धप्. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण मला विचारलं असतंस तर मी गप्प बस म्हणालो असतो, हे मात्र खरं."

"म्हणून विचारलं नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. मग दोघंही पुस्तकं संपेपर्यंत तशीच थांबली.

बदलीची जागा रसायन विभागातल्या लांबूला मिळाली. उंच, अंगाने वाळका, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला मुलगा. महिना संपत आला तसा तो एकदा घारताईच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. बांधलेली खोकी अजून तशीच होती. त्यातली रोजची तेवढी पातेली तिने बाहेर काढली होती.

"ताई, रागावला नाहीत ना माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रे रागावू? तू काय उंदीर आहेस?"

तो कसनुसं हसला. "नाही, म्हटलं तुम्हाला तिकडचं माहितीय. खोली कुठे बघावी? शाखेच्या जवळ सगळे दुप्पट भाडं सांगतात."

घारताईने त्याला बसायला सांगितलं. शाखेच्या मागच्या बाजूने न जाता शाळेच्या बाजूने जा म्हणाली. तिथली घरं जुनी आहेत, पण पाण्याचा त्रास नाही. कोपऱ्यावर एक शिंपी बसतो, त्याला विचार, त्याला रिकाम्या खोल्या माहीत असतात. पश्चिमेची खिडकी घेऊ नकोस, भिंती तापतात. सकाळी शाळा भरते तेव्हा त्या गल्लीतून सायकल काढू नकोस, पोरं आडवी येतात. ती भरभर सांगत होती. लांबू मान डोलवत होता. जणू ती तिथे वर्षानुवर्षं राहिली होती, इतकं तिला सगळं ठाऊक होतं.

"कुठली शाळा ताई?"

"निळ्या फाटकाची." ती थांबली. "आमची आहे त्या शाळेत. घारे डोळे, एका बाजूला वेणी ओढत चालते. दिसली तर उगाच ओळख काढू नकोस. तिला आवडत नाही."

"बरं."

"पण दिसली की मला सांग, कशी आहे."

तो गेला. काही दिवसांनी गाद्याही आल्या. राखाडी रंगाच्या, वायर लावलेल्या, हात ठेवला तर कोमट. मामांनी पिंजरे त्यांच्यावर मांडले आणि म्हणाले, "आमच्या नशिबी एवढी ऊब नाही." प्रबंधबाईने पिंजरा दाराशी ठेवला. तिची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली होती. नियमाप्रमाणे एक शब्दही न बोलता ती जायला वळली, आणि मग नियम मोडून म्हणाली, "ताई, डबा एकत्र खाऊ." घारताईने मान हलवली. दार लागलं, पट्टी फरशीला चिकटली. वरचा पंखा घुंऽऽ करत होता.

तिने उंदीर उचलला. तो गरम होता. त्याच्यानंतरचाही गरम, त्याच्यानंतरचाही. हाताला काहीच कळत नव्हतं. तिने स्टूल भिंतीपासून पुढे ओढून घेतलं, काचेशी वाकली आणि घड्याळ सुरू केलं.